गुणपत्रिकेची झेरॉक्स नको, गच्चीची किल्ली द्या

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य,
आपली सहकारी गृहरचना संस्था,
सिंहगड रस्ता, पुणे.

विषय : १ मे रोजीचा गुणगौरव आणि मुलांचं संपणारं शालेय वर्ष.

सप्रेम नमस्कार.

लिफ्टशेजारच्या फळ्यावरची सूचना वाचली. "महाराष्ट्र दिनी सकाळी आठ वाजता ध्वजवंदन. त्यानंतर पहिली ते नववीच्या गुणवंत पाल्यांचा गुणगौरव. ८५ टक्के व त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या सभासदांच्या पाल्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स २८ एप्रिलपर्यंत कार्यालयात जमा करावी." खाली सही, शिक्का. वाक्याची रचना पाहता ८५ टक्के सभासदांनीच मिळवायचे आहेत असं वाटतं, पण ते सोडून देऊ. निवृत्त शिक्षिकेची खोड आहे, लाल पेन हातात नसलं तरी डोळा तिथेच जातो.

मुद्दा वेगळा आहे. राज्य मंडळाच्या शाळांचा पहिली ते नववीचा निकाल १ मेला हातात मिळतो. मग २८ एप्रिलला झेरॉक्स आणायची कुठून? मी कार्यालयात जाऊन हेच विचारलं. उत्तर मिळालं, "काकू, गेल्या वर्षीची चालेल." म्हणजे सातवीतल्या मुलीचा सत्कार सहावीच्या गुणांवर, आणि पहिलीतल्या मुलाचा बहुधा बालवाडीतल्या रंगकामावर. दुसरीकडे सीबीएसईवाल्यांचं वर्ष मार्चमध्येच संपतं, एप्रिलच्या सुरुवातीला ती मुलं पुढच्या वर्गात जाऊन बसलेलीही असतात. त्यांच्या पाठीवर थाप पडणार ती महिनाभर उशिरा, नव्या वर्गाचा अभ्यास सुरू झालेला असताना.

आमच्याच घरात बघा. नात सातवीत, मराठी शाळा, राज्य मंडळ. नातू तिसरीत, सीबीएसई. नातवाचा निकाल मार्चअखेरीस लागला आणि नव्या पुस्तकांना कव्हरं घालून तो चौथीत गेला. ताईची मात्र परीक्षा अजून सुरूच व्हायची होती. त्या काळात तो घरभर फिरून सांगत होता की मी वर गेलो, ताई अजून तिथेच आहे. तिने त्याला धपाटा घातला, त्याची नोंद कुठल्याही प्रगतिपत्रकात नाही. एका घरात वर्षाची दोन टोकं, तर आपल्या तीन विंगांत किती असतील? २०२५ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे आपल्या कुमठेकर रस्त्यावरच्या कार्यालयाने, राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात घ्यायला सांगितल्या, आणि निकाल नेहमीप्रमाणे १ मेला. मधल्या पाच दिवसांत पेपर तपासा, श्रेण्या लावा, नोंदी लिहा, निकालपत्रकं भरा. माझ्या मागून नोकरीला लागलेल्या बायका तेव्हा फोनवर काय बोलत होत्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी महापालिकेच्या शाळांत प्राथमिक शिक्षिका म्हणून उभी नोकरी केली. एप्रिल महिना म्हणजे माझ्यासाठी टेबलफॅन, पेपरवेट आणि निकालपत्रक. त्यामुळे ज्या कागदाची झेरॉक्स आपण मागताय, तो कागद कसा तयार होतो हे समितीला सांगणं मला भाग आहे.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आपल्याकडे पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. शिक्षणहक्क कायदा त्याच वर्षी १ एप्रिलला लागू झाला होता, त्याला धरूनच हे आलं. पहिली-दुसरीला शंभरातले ७० गुण आकारिक मूल्यमापनाचे, फक्त ३० सत्रअखेरच्या संकलित परीक्षेचे. तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे, सातवी-आठवीला ४० आणि ६०. आकारिक म्हणजे तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, छोटी चाचणी, आणि बाईंनी वर्षभर डोळ्यांनी केलेलं निरीक्षण. पहिलीतल्या मुलाने बी पेरून रोप आणलं, गोष्ट सांगितली, दोरीवर मणी ओवून दहाचे गठ्ठे केले, त्याचे हे ७० गुण. यांतून टक्केवारी काढून शेजारच्या शाळेतल्या, दुसऱ्या बोर्डाच्या, दुसऱ्या बाईंच्या वर्गातल्या मुलाशी ती ताडून बघायची हे गणित मला इतक्या वर्षांत जमलं नाही. समितीला जमत असेल तर मला शिकवावं.

आणि गंमत पुढेच आहे. या प्रगतिपत्रकावर टक्के नसतात, श्रेणी असते. ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२. तुमची रेघ ८५ वर. म्हणजे अ-२ मिळालेली दोन मुलं समोर उभी केली तर त्यातल्या कुणाला ट्रॉफी द्यायची हे त्या झेरॉक्सवरून कळणारच नाही. मागच्या वेळी ते कसं ठरवलं याची चौकशी मी मुद्दाम केली नाही, शेजारधर्म आहे.

त्याच कागदावर खाली वर्णनात्मक नोंदी असतात. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाबद्दल खरं आणि वेगळं असं काही लिहायचं तर घाम फुटतो. काही जण छापील यादीतून उतरवून काढतात हेही मला ठाऊक आहे. पण मनापासून लिहिणारे शिक्षकही पुष्कळ आहेत. "स्वतःहून प्रश्न विचारतो." "नवीन आलेल्या मुलीला वर्गात सामावून घेते." "परिसरातले पक्षी ओळखतो." आपल्या कार्यालयात जमा झालेल्या झेरॉक्समध्ये या ओळी कुणी वाचल्या का? ट्रॉफीवर नाव कोरायला त्या लागत नाहीत, त्यामुळे नसतीलच वाचल्या.

मी गुणांच्या विरोधात आहे असा गैरसमज नको. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून पुन्हा वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, तीही हुकली तर त्याच वर्गात. त्या धाकाचा काही मुलांना उपयोग होतो, काहींना होत नाही, पण शाळेने मुलाला काय येतं हे तपासलंच पाहिजे. दहावी-बारावीच्या मुलांना शाल-श्रीफळ जरूर द्या. सगळ्यांचे पेपर सारखे, तपासणारे परके, कष्ट चोख. फक्त तो समारंभ जूनमध्ये ठेवा, कारण १ मेला त्यांचाही निकाल नसतो. २०२५ चा दहावीचा निकाल लवकर म्हणावा तर तोही १३ मेला लागला होता. त्या वर्षी राज्यात २११ मुलांना शंभर टक्के मिळाले, त्यात कला-क्रीडेचे वाढीव गुण धरलेले असतात. बोर्डाने गुणवत्ता यादी छापणं केव्हाच बंद केलं, ते शहाणपण आपल्या फळ्यापर्यंत पोचायला वेळ लागतोय एवढंच. आणि हो, माझी नात तुमच्या ८५ च्या रेषेच्या वर आहे, बरीच वर आहे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हा शेरा मारायची सोय नाही.

आता माझ्या विनंतीकडे येते, पण त्यासाठी आमच्या घरची रीत सांगावी लागेल.

आमच्याकडे वर्ष संपल्याचा सोहळा शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी होतो. निकालाच्या दिवशी नाही. हा पायंडा माझ्या सासूबाईंनी पाडला. त्या स्वतः चौथीपर्यंत शिकलेल्या. पोरांनी वर्षभर राबून काम उरकलं, आता त्यांना जेवायला घाला, कामाचं मोल काय झालं ते मास्तर बघतील, असा त्यांचा सरळ हिशेब. निकालाच्या दिवशी पेढे आणायला त्यांची ना नव्हती, पण त्या पेढ्यांना लोक चिकटतात, पाव किलो की अर्धा किलो यावरून किती मार्क पडले ते ओळखतात, असं त्यांचं म्हणणं होतं. नारायण पेठेतल्या वाड्यात राहिलेली बाई, तिला हे चांगलं कळत होतं.

या सोहळ्याचा नियम एकच, उत्तरं जुळवायची नाहीत. मूल दारातून आत आलं की प्रश्नपत्रिका माझ्याकडे जमा. ती देवघराखालच्या खणात जाते आणि शाळा उघडेपर्यंत तिथेच राहते. सूनबाई हिंजवडीला नोकरी करते, तपशील कळल्याशिवाय तिला चैन पडत नाही. लग्नानंतर मूल शाळेत जायला लागल्यावर पहिल्यांदा ही वेळ आली तेव्हा म्हणाली, "आई, नुसता शेवटचा प्रश्न बघू द्या ना." नाही दिला. आता तीच मुलाला दारात अडवते आणि सांगते, आधी आजीकडे कागद दे, मग चपला काढ.

मग दप्तरं दिवाणखान्यात पालथी होतात. वर्षभराचा ऐवज बाहेर पडतो. मोडकी पट्टी, टोक गेलेलं कर्कटक, चिंचोके, डब्याच्या झाकणाची रबरी कड, शाळेतून कुणाच्याही परवानगीशिवाय आलेले तीन रंगीत खडू, दिवाळीच्या सुट्टीआधीची एक चिठ्ठी जी आम्हाला तेव्हाच मिळायला हवी होती. त्या चिठ्ठीवर त्या संध्याकाळी कुणी बोलत नाही. वह्यांतली कोरी पानं काढायचं काम मुलांचं, दाभण आणि जाड दोऱ्याने ती शिवायचं काम माझं. सुट्टीभर पुरेल एवढी रफ वही तयार होते. २०२३ मध्ये बालभारतीने दुसरी ते आठवीच्या पुस्तकांचे चार भाग करून त्यांतच वहीची कोरी पानं घातली होती, दोन वर्षांनी ती योजना मागे घेतली. शिक्षक म्हणून माझं तिच्याबद्दल मत बरं नव्हतं, पण आजी म्हणून सांगते, शिवायला तसला सुरेख कागद पुन्हा मिळाला नाही. नातीच्या पुस्तकांतली निम्मी पानं तशीच कोरी निघाली होती.

उरलेली रद्दी दुसऱ्या दिवशी सकाळी रद्दीवाल्याकडे जाते. पैसे मुलांचे. तराजूकडे डोळे लावून दोघं उभी राहतात, नातू तर काट्यावर हळूच बोट ठेवतो आणि रद्दीवाला दरवर्षी न दिसल्यासारखं करतो. या पैशांत मस्तानी बसत नाही, वरचे मी घालते.

जेवणात आमरस-पुरी, बटाट्याची सुकी भाजी, कुरडया, कैरीची डाळ. एप्रिलअखेरीस हापूसचा भाव पुरता उतरलेला नसतो, त्यामुळे हे शाही जेवण आहे हे मान्य. मुलगा मार्केट यार्डातून पेटी आणतो आणि दरवर्षी माझा व्याख्यानाचा तास होतो, की रत्नागिरी म्हणून कर्नाटकचा आंबा कसा गळ्यात मारतात. चिंचवडहून मुलांची आत्या तिच्या दोघांना घेऊन येते. रसात मिरपूड आणि तूप घालायचं की नाही यावर जावईबापू आणि माझा मुलगा यांचं दरवर्षी तेच भांडण होतं, यंदाही ते सुटलं नाही.

जेवणं झाली की नकला. चारही मुलं आपापल्या शिक्षकांच्या नकला करतात. एक सर खडू फेकायच्या आधी बोटं कशी झाडतात, एक बाई "मी काही भिंतीशी बोलत नाहीये" हे वाक्य कोणत्या सुरात म्हणतात. मी याच धंद्यातली, तरी हसून डोळ्यांत पाणी येतं. कुणीतरी माझीही नकल करत असणार, आणि ती चांगली होत असणार याची मला खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की सगळी वरात स्वारगेटला. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस भुयारी मेट्रो तिथपर्यंत आली तेव्हापासून मुलांना ती हवीच असते. ती मुठेच्या खालून जाते, पण दिसत काहीच नाही, तरी "आता नदी" म्हणून ओरडायचं असतं. जिल्हा न्यायालयापर्यंत जाऊन परत. मग तळ्यातल्या गणपतीचं दर्शन आणि पेशवे उद्यानात फुलराणी. ही गाडी १९५६ साली सुरू झाली, मी फ्रॉकमध्ये असताना तिच्यात बसले आहे. तेव्हा तिथे प्राणीही होते, ते नंतर कात्रजला गेले. फुलराणीत बसायला माझी नात आता जरा लाजते. धाकट्याला सोबत हवी असं सांगून बसते.

या सगळ्यात एक गोष्ट समितीने लक्षात घ्यावी. त्या संध्याकाळी घरी आलेल्या एकाही पाहुण्याने "किती टक्के?" असं विचारलं नाही. विचारूच शकत नाहीत, नातीचा निकालच नाही. फोनवर नाशिकचे मामा बोलले, तेही विचारत होते पोहायला कधी जाणार, आंबे गोड निघाले का, नव्या वर्गात कुणाच्या शेजारी बसणार. शेवटचा पेपर आणि निकाल यांच्यामधले ते चार-सहा दिवस म्हणजे मुलांच्या आख्ख्या वर्षातला एकमेव काळ, ज्यात अभ्यास संपलेला असतो आणि त्याची किंमत अजून कुणी लावलेली नसते. आपली सूचना नेमकी त्याच दिवसांत फळ्यावर लागते, आणि घराघरात झेरॉक्सची आणि ८५ ची चर्चा सुरू होते.

सरकारचंही यात थोडं चुकतंच. १५ जूनला शाळा उघडतात तेव्हा प्रवेशोत्सव असतो. गुलाबाचं फूल, फुगे, पहिल्याच दिवशी हातात मोफत पुस्तकं, कधी कधी बैलगाडीतून मिरवणूक. मी स्वतः किती फुलं वाटली असतील. शेवटच्या दिवसाला मात्र काही नाही. घंटा होते, मुलं ओरडत पळतात, शिक्षक खिडक्या लावतात. जे सरकारला सुचलं नाही ते सोसायटीला सुचायला काय हरकत आहे?

मुलांना ते सुचलेलं आहेच. मागच्या मे महिन्यात पार्किंगमध्ये मुलं गुणगौरव-गुणगौरव खेळत होती. एकाने खांद्यावर पंचा टाकून प्रमुख पाहुणा व्हायचं, एकीने नावं पुकारायची. सर्वात जास्त चेंडू शेजारच्या बंगल्यात घालवल्याबद्दल. लिफ्ट बंद असताना जोशी आजोबांच्या पिशव्या वर नेल्याबद्दल. एका दिवसात दोनदा पडूनही न रडल्याबद्दल. ट्रॉफी म्हणून पाण्याची बाटली फिरत होती. जमलेल्या एकूण एक मुलाचं नाव पुकारलं गेलं, भाडेकरूंची आणि सुरक्षारक्षकाची मुलगी धरून. मी गॅलरीतून बघत होते. प्रमुख पाहुण्याचं भाषण आपल्या गेल्या वर्षीच्या पाहुण्यांपेक्षा आटोपशीर होतं.

भाडेकरूंचा विषय निघालाच आहे तर बोलते. सूचनेत "सभासदांच्या पाल्यांनी" असं आहे. फ्लॅट भाड्याने दिलेल्या मालकांकडून आपण सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क वसूल करतो, त्यात त्या घरातल्या मुलासाठी दोन टाळ्या बसवता येणार नाहीत का? सी विंगमध्ये लातूरकडचं एक कुटुंब आलंय, मुलगा चौथीत, इथे त्याचे मित्र व्हायला दिवाळी उजाडली. त्याला आपण गुणपत्रिका दाखव असंही म्हणणार नाही, कारण तो पात्रच नाही. आणि १ मे हा कामगार दिनही आहे. गेटवरच्या आपल्या सुरक्षारक्षकाची मुलगी महापालिकेच्या शाळेत पाचवी देऊन सहावीत जाते आहे. पाचवीची ती वार्षिक परीक्षा तिने गेटशेजारच्या केबिनमध्ये, गाड्यांच्या हॉर्नमध्ये बसून अभ्यास करून दिली. तिला इंग्रजीत अडायचं तेव्हा माझी नात खाली जायची, परत यायची ती तिच्याकडून गणिताच्या युक्त्या शिकून.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, काकू, कौतुकाने मुलांना हुरूप येतो, तुम्ही कशाला मोडता घालता? येतो ना हुरूप. ज्याला ट्रॉफी मिळते त्याला येतो, आणि त्याला तो बहुतेक आधीपासूनच असतो. गेल्या वर्षी ध्वजवंदनाला नव्वदेक मुलं होती असं मला वाटतं, व्यासपीठावर त्यातली थोडी गेली. उरलेल्यांनी खुर्च्या लावल्या, खुर्च्या उचलल्या आणि दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. एक आई आपल्या चौथीतल्या मुलाला हळू आवाजात सांगत होती, "बघ, थोडक्यात राहिलं." उन्हाळ्याच्या सुट्टीचा पहिला दिवस होता तो.

म्हणून माझं मागणं असं आहे. पहिली ते नववीच्या गुणपत्रिका मागणारी सूचना उतरवा. १ मेला ध्वजवंदन करा, राज्यगीत म्हणा, जिलेबी वाटा, छान होईल. दहावी-बारावीच्या सत्काराला जूनमधला एखादा रविवार धरा, सूत्रसंचालन मी करते, शब्द देते की वीस मिनिटांत आटपेन. आणि आत्ता, बहुतेक शाळांचे पेपर संपले आहेत तर येत्या शनिवारी संध्याकाळी सहा वाजता गच्ची उघडा. सात वाजता सूर्य मावळतो, मग वर झकास वारा असतो, खडकवासल्याच्या बाजूने येतो तो. इमारतीतलं आणि इमारतीसाठी राबणाऱ्यांचं, शाळेत जाणारं प्रत्येक मूल आलं पाहिजे. प्रमुख पाहुणे नकोत. केटरर नको, चायनीजचा स्टॉल तर नकोच नको. भेळ पुरे. दोन किलो चुरमुऱ्यांत साठ पोरं आनंदाने जेवतात हे मी शाळेच्या सहलींत पाहिलंय. कलिंगडं, कैरीचं पन्हं. स्पीकर लावलाच तर रात्री दहाला बंद, तो नियम मलाही हवा आहे, माझी झोप दहाची.

ट्रॉफ्यांसाठी राखलेल्या पैशांत दोन कॅरम बोर्ड, बॅडमिंटनची जाळी आणि क्लबहाउसमध्ये पुस्तकांसाठी एक कपाट सहज येईल. कपाटात काय ठेवायचं याची काळजी नको, माझ्याकडचीच पुस्तकं कपाटाला पुरून उरतील. दुपारी बारा ते चार क्लबहाउस मुलांसाठी उघडं ठेवा, कारण महापालिकेच्या बागा भर दुपारी बंद असतात आणि पार्किंगमध्ये खेळलं की ओरडा बसतो. या वयाच्या मुलांनी मे महिन्याच्या दुपारी जायचं कुठे, याचं उत्तर मोबाइल असं येऊ नये अशी आपणा सर्वांचीच इच्छा असते, पण त्यासाठी एका खोलीचं कुलूप काढावं लागतं.

गच्चीच्या दारावर "मुलांनी येथे खेळू नये. हुकुमावरून" अशी पाटी आहे. हुकूम कुणाचा ते लिहिलेलं नाही. टाक्यांच्या भोवती जाळी बसवून झाली आहे, कठडा माझ्या छातीएवढा उंच आहे, आणि आम्ही चार मोठी माणसं सतत वर असू. सुरक्षिततेबद्दल आणखी काही शंका असतील तर मी समितीच्या बैठकीला येते. ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेची वाट पाहायला लावू नका, तोवर सहामाही परीक्षेचं वेळापत्रक लागायची वेळ येते.

या पत्राला एकोणीस घरांची संमती आहे, सह्यांचा कागद सोबत जोडला आहे. त्यात आपले खजिनदार आहेत. त्यांच्या मुलाला गेल्या वर्षी ट्रॉफी मिळाली होती, ती सध्या शोकेसमध्ये पेनं ठेवायला वापरतात असं ते स्वतःच म्हणाले.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बी विंगमधली एक आजी
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका)

ता. क. चुरमुरे, फरसाण आणि शेव मी आणते. चिंचेची चटणी सूनबाई शुक्रवारी रात्री करून ठेवणार आहे. कांदे चिरायला समितीतली दोन माणसं साडेपाचला वर लागतील, येताना स्वतःची सुरी आणावी.